म्हाताऱ्याची सव्वा मूठ

सगळ्यांत आधी एक सांगून टाकते. तो उंदीर नव्हता. आमच्या रनाळ्यात अजूनही कुणी भेटलं की विचारतं, "मास्तरीनबाई, तुमना तो उंदर कोठे गया?" मी दर वेळी सांगते की तो गिनीपिग होता, उंदराला शेपूट असते आणि उंदीर आपल्या धान्यावर जगतो. यानं माझ्या घरातला एक दाणा कधी चोरला नाही. लोक ऐकून घेतात आणि पुढच्या खेपेला पुन्हा उंदीरच म्हणतात.

माझी मुलगी सुरतेला असते. तिनं नातवंडांसाठी तो घेतला होता. नातवंडं मोठी झाली, त्यांना क्लास लागले, आणि नव्या इमारतीत जनावर चालत नाही असं निघालं. मुलगी नंदुरबार स्टेशनवर उतरली ती एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पिंजरा घेऊन. म्हणाली, "आई, पंधरा दिवस ठेव फक्त." पंधरा दिवस म्हणजे काय ते आई असल्यामुळे मला कळलं. तो तेव्हा पाच वर्षांचा होता, म्हणजे त्याच्या जातीत पेन्शनीला आलेला. मीही पेन्शनवरच होते. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात बोलायला रेडिओ होता.

पहिल्या दिवशी माझी जाऊ बघायला आली. आमची घरं एकाला एक लागून आहेत, मधली भिंत एकच. ती पिंजऱ्यापुढे उकिडवी बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"हाऊ काय जनावर शे वं? शेपूट नही, दूध नही, अंडं नही."

"काही नही," मी म्हटलं. "म्हतारा शे."

तेव्हापासून त्याचं नाव म्हाताराच पडलं.

म्हाताऱ्याला काय नव्हतं ते विचारा. त्याच्या दाढा वाढत जायच्या आणि वाढलेली दाढ जिभेला टोचायला लागली की तो खाणं सोडायचा. पुढचे पाय सकाळी आखडलेले असायचे. थंडीत नंदुरबारकडच्या वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांवरून वारा आला की आम्ही दोघं शिंकायचो, पण माझी शिंक थांबायची आणि त्याची थांबायची नाही. शिवाय त्याच्या जातीला आवळ्या-पेरूतलं जीवनसत्त्व बाहेरूनच द्यावं लागतं, नाहीतर हिरड्या सुजतात. हे मला गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. मोठे सरळ गृहस्थ. टेबलावर टोपलीतून म्हातारा निघाला तसे ते म्हणाले, "मॅडम, खोटं बोलत नाही. हा प्राणी मी फक्त कॉलेजात पाहिलाय, आणि तोही…"

"तोही काय?"

"कापायला."

मी म्हटलं, आता न कापता बघा. त्यांनी केसपेपर भरला. जनावर या रकान्यात बराच विचार करून लिहिलं, 'गिनीपिग, नर'. मग त्यांनी कुठल्याशा वर्गमित्राला फोन लावला, फोन कानाशी धरूनच म्हाताऱ्याचं तोंड उघडलं, आणि बारीक कानशीनं दाढ घासली. म्हशींच्या रांगेत उभे असलेले लोक खिडकीतून बघत होते. कुणीतरी म्हणालं की माणसाला इथं दाताचा डॉक्टर मिळत नाही. मी वळून म्हटलं, "तुम्ही पण या, हे घासून देतील."

घरी आल्यावरचं काम माझं. सकाळी किचनच्या काट्यावर त्याचं वजन करायचं. आठशे ग्रॅमच्या खाली काटा गेला की समजायचं, आज पोटात काही नाही. मग गवत आणि कोथिंबीर पाट्यावर वाटून, त्यात आवळ्याचा रस घालून, ते बिनसुईच्या सिरिंजमधून ओठाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं द्यायचं. घाई केली तर ठसका लागतो. एका जेवणाला पाऊण तास लागायचा. मी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळला आहे, त्यामुळे थुंकलेलं अन्न, ओल्या चड्ड्या आणि नन्नाचा पाढा या गोष्टींचं मला काही वाटत नाही.

पण लोकांना वाटायचं. येईल तो ओट्यावर बसून एकच विचारायचा, कशाला एवढं करता, किती दिवस जगणार आहे तो? हा प्रश्न ऐकला की माझ्या डोक्यात जाळ व्हायचा. त्याचं कारण सांगते.

माझ्या नवऱ्याच्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, नाशिकला न्या, काही करता येईल. आमच्या ओट्यावर भाऊबंद बसले. थोरले दीर होते, चुलत दीर होते, दोन जाणती माणसं होती. नवरा आतल्या खोलीत खाटेवर होता आणि मी दाराआड उभी होते. एकेक जण बोलला. वय झालं, आता कशाला हाल, घरीच सुखानं राहू द्या. चहाचे कप रिकामे व्हायच्या आत निर्णय झाला. तो चहा मी केला होता. मला कुणी विचारलं नाही आणि मीही बाहेर येऊन बोलले नाही. ते पुढे सात आठवडे जगले. नाशिकला नेलं असतं तर किती जगले असते ते मला माहीत नाही, पण ते त्या चहा पिणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. याचा राग मला त्यांच्यावर जितका आहे तितकाच माझ्यावर आहे. म्हणून मी ठरवलं होतं की माझ्या घरातल्या कोणाचं 'वय झालं' हे आता बाहेरची माणसं ठरवणार नाहीत. तो आठशे ग्रॅमचा असला तरी.

आता माझी चूक सांगते, कारण दुसऱ्यांच्या सांगून आपली झाकायची, हे बरं नाही.

आमच्याकडे जनावराला जपायचं म्हणजे लसूणघास घालायचा. दुभत्या म्हशीला लसूणघास, गाभण गाईला लसूणघास, आजारातून उठलेल्या गोऱ्ह्याला लसूणघास. जावेच्या शेतात त्याचा वाफा होता. मी रोज त्यातली कोवळी जुडी आणायची. म्हातारा आवडीनं खायचा आणि मी जावेला अभिमानानं सांगायची की बघ, कसा खातोय. त्याच्याखाली अंथरलेलं फडकं वाळलं की त्यावर पांढरी भुकटी दिसायची. मी ती अंगणात झटकून टाकायची. सहा महिने झटकली. मग एके दिवशी फडक्यावर पांढऱ्याच्या जोडीला लाल डाग दिसला, आणि म्हातारा लघवी करताना बारीक आवाजात रडला.

डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देता? मी सांगितलं. "मॅडम, लसूणघासात चुना भरपूर. म्हशीचा तो दुधात जातो. हा काय दूध देणार? याचा मूत्राशयात बसला."

म्हणजे मी झटकत होते तो चुना होता. अति तिथं माती, हे मी पहिलीच्या पोरांना फळ्यावर लिहून दिलं होतं. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये टोपली मांडीवर घेऊन मी रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण आजारी आहे? मी म्हटलं, घरचा माणूस.

मग लसूणघास बंद. डॉक्टर म्हणाले साधं गवत द्या, हरळीसारखं. ज्या हरळीला अख्खा गाव शिव्या घालतो, जी कपाशीत शिरली की माणूस रडकुंडीला येतो, तीच म्हाताऱ्याचं औषध निघाली. आमच्या शेतात माझ्या नवऱ्याचा जो वाटा आहे, तो आता थोरले दीरच कसतात. त्या वाट्याच्या विहिरीकडच्या बांधावर हरळी दाट होती. मी रोज सकाळी जाऊन ती खुडायची. एक दिवस बघते तर बांधाच्या कडेला तणनाशकाचे डबे आणून ठेवलेले.

आमच्याकडे थोरल्या दिराला जेठ म्हणतात आणि धाकट्या भावाची बायको जेठाशी समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचं तर जावेमार्फत. मी नोकरी केली, शिक्षणाधिकाऱ्याशी भांडले, पण चाळीस वर्षांत जेठांच्या समोर उभी राहून एक वाक्य बोलले नव्हते. त्या दिवशी ते ओट्यावर बसले होते, आणि मी पदर डोक्यावर घेऊन सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. रागावले की मी पुस्तकी बोलते, ती शाळेची खोड आहे.

"आबा, माझ्या वाट्याच्या बांधावर फवारणी करायची नाही."

जेठांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दाराकडे बघत जावेला म्हणाले, "तिले सांग, हरळी ठेवी तर कपाशीनं काय व्हई?"

"कपाशीत आलेली मी स्वतः उपटून देईन," मी म्हटलं. "बांधावरची राहील."

"तिले सांग, त्यानं वय व्हई गयं. एक उंदरासाठे बांध नासाडशी का?"

वय व्हई गयं. तोच ओटा, तेच शब्द. मी म्हटलं, "आबा, हे तुम्ही याच जागी बसून एकदा बोललात. तेव्हा मी दाराआड होते. आज इथं उभी आहे."

जाऊ हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली. जेठ उठले, टोपी घातली आणि चौकाकडे निघून गेले. संध्याकाळी बांधावरचे डबे उचललेले होते. आमच्यात त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. मी शब्दाप्रमाणे कपाशीतली हरळी उपटली, कंबर धरली, पण उपटली.

तरीही मूत्राशयात खडा झालेला होता तो झालेलाच होता. आषाढात म्हाताऱ्याची लघवी तुंबायला लागली. आमचे डॉक्टर म्हणाले, आता हे माझ्या हाताबाहेरचं, सुरतेला लहान प्राण्यांच्या डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडे न्या. जाऊ म्हणाली, नाकापेक्षा मोती जड झाला. मी म्हटलं, नाक माझं आहे. टोपलीत हरळी अंथरली, बाटलीत पाणी घेतलं आणि सकाळची गाडी पकडली. डब्यात म्हातारा हूं की चूं न करता पडून होता. नवापूर गेल्यावर त्यानं एकदा मान वर केली आणि माझं बोट चाटलं.

सुरतेच्या डॉक्टरबाईंनी फोटो काढला, पडद्यावर मला खडा दाखवला. म्हणाल्या, काढता येईल, पण सात वर्षांचा आहे, भुलीतून उठेल असं मी सांगू शकत नाही. घरच्यांना विचारून ठरवा.

"घरची मीच आहे," मी म्हटलं. "कुठे सही करू?"

तो दीड तास मी बाकावर बसून होते. मुलगी बाजूला होती. ती सारखी म्हणत होती, आई, काही झालं तर वाईट वाटून घेऊ नको. मी म्हटलं, काही झालं तर वाईट वाटणारच, वाटून घ्यायला मी आले आहे. पण न विचारता, न उठता, चहा करत बसले असते तर जे वाटलं असतं ते मला माहीत आहे, आणि ते पुन्हा नको.

तो उठला. खडा तुरीच्या दाण्याहून किंचित लहान होता. डॉक्टरबाईंनी तो डबीत घालून दिला आणि कागदावर सगळं लिहून दिलं: नर, वय सात वर्षे, टाके आठवड्यानं. गावी आल्यावर मी डबी जावेपुढे उघडली. तिनं खडा बोटावर घेतला आणि म्हणाली, "एवढुसा जीव, अन् एवढा धोंडा." त्या दिवसापासून तिनं त्याला उंदीर म्हणणं सोडलं. ती एकटीच, पण सोडलं.

दहा-बारा दिवसांनी कानबाई आली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही कानबाई देवी बसवतो, आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आदल्या दिवशी गहू मोजतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाची सव्वा मूठ. पाळण्यातल्या पोराची धरतात, परगावच्या नोकरीवाल्याची धरतात. बायकांची धरत नाहीत. दळायचं आम्ही, रांधायचं आम्ही, खायचं सगळ्यांनी, पण मूठ पुरुषांची. नवरा गेल्यापासून माझ्या घरची एकही मूठ सुपात पडत नव्हती. चार वर्षं मी जावेशेजारी बसून तिच्या घरच्या मुठी मोजल्या आणि काही बोलले नाही. आमच्या भाऊबंदकीत दुसरीही एक रीत आहे. कानबाईच्या नावानं सुपात पडलेले गहू परत काढत नाहीत.

जाऊ एकेक नाव घेत होती आणि मूठ टाकत होती. भाऊबंदांच्या सगळ्या सुना गोल करून बसल्या होत्या. तिचं झालं. तिनं हात झटकले. मी पोत्यात हात घातला, एक मूठ आणि वर पाव, आणि सुपात सोडली.

जाऊ बघत राहिली. "हाई कोना नावनी?"

"मन्हा म्हताराना नावनी."

एक सून फिसकन हसली. जाऊ हसली नाही. "धाकली, तुले याड लागनं."

मी पिशवीतून सुरतेचा कागद काढला. "आपन पुरुसस्नी मूठ लेतस ना? हाऊ पुरुस शे. डाक्टरबाईनी लिखी देयेल शे." आणि 'नर' या शब्दावर बोट ठेवलं. कागद सगळ्या सुनांमध्ये फिरला. एकीनं मोठ्यानं वाचला. वय सात वर्षे इथं येऊन ती थांबली आणि म्हणाली, मोठा आहे मग, धरायलाच पाहिजे.

जावेनं सुपाकडे पाहिलं. गहू गव्हात मिसळले होते, वेगळे कसे काढणार? तिनं सूप उचललं आणि पाखडायला घेतलं. म्हाताऱ्याला गहू चालत नव्हता. त्याच्या वाटचा रोट मी खाल्ला, आणि तो माझ्यापुढे बसून हरळी खात होता.

तो पुढे दहा महिने जगला. दाढ चार वेळा घासली. टाक्यांची जागा भरली आणि तिथं केस उगवले, पांढरे. शेवटी ज्येष्ठ महिन्याच्या उन्हात एका दुपारी त्यानं वाटलेलं गवत घेतलं नाही. सिरिंज ओठाला लावली तशी त्यानं मान फिरवली. मी पुन्हा लावली, त्यानं पुन्हा फिरवली. तेव्हा मी सिरिंज खाली ठेवली. हे त्यानं ठरवलं होतं, आणि त्याचा तेवढा हक्क होता. ओलं फडकं गुंडाळून त्याला मांडीवर घेऊन बसले. तो चारच्या सुमारास गेला. मी मोठ्यानं रडले, आणि मधल्या भिंतीपलीकडून जाऊ आली, ती माझ्याजवळ बसून राहिली. जेठांनी स्वतः टिकाव आणला. त्याला त्याच बांधावर पुरलं.

श्रावणात पुन्हा गहू मोजायला बसलो. जाऊ एकेक नाव घेत होती. मूठ पडत होती. शेवटची मूठ टाकून तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं असणार, यंदा हिची रिकामीच.

मलाही वर्षभर एक गोष्ट टोचत होती. या रीतीत गिनीपिग बसला. कागदावर नर लिहिलं आणि तो बसला. त्याला वाटून भरवणारी, त्याला घेऊन सुरतेला जाणारी, चाळीस वर्षं याच सुपातले गहू दळणारी बाई बसत नव्हती. मी पोत्यात हात घातला, एक मूठ आणि वर पाव, आणि सुपात सोडली.

"हाई कोना नावनी?" जावेनं विचारलं.

"मन्ही."

कोणी हसलं नाही. जाऊ सुपातल्या गव्हाकडे बघत बसली. तिनं माझ्याहून आठ वर्षं जास्त दळलं आहे. मग तिनं मान वर केली आणि मला विचारलं, जणू मला ते ठाऊक असणार:

"अन् मन्ही?"

मी पोतं तिच्याकडे सरकवलं.